मोतीबिंदू आणि पडदा

आमचे मामू मगरिबनंतर एकटे घराबाहेर पडत नसत. इशाला मशिदीत जायचे तर कुणातरी भाच्याचा हात धरून. घरात त्याला रातांधळेपणा म्हणत आणि गाजरे खाऊ घालत. पन्नाशीत दिवसाही दिसेनासे झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पडदा गेलाय." घरच्यांचा पहिला प्रश्न : मग ऑपरेशन कधी?

अंबाजोगाईत हा प्रश्न साहजिकच होता. निजामाच्या अमलात मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या या गावात 1970च्या दशकात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. पुढे जे. जे. रुग्णालयात नाव कमावलेले डॉ. तात्याराव लहाने आधी इथेच होते. 1976 साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता, शिबिरे भरत होती. डोळ्यावर पट्टी बांधून ओळीने बसलेली म्हातारी माणसे आम्ही लहानपणी पाहिली. पट्टी सुटली की त्यांना दिसायचे. डोळ्याचे दुखणे म्हणजे ऑपरेशन आणि ऑपरेशन म्हणजे नजर, हे लोकांच्या मनात पक्के बसले.

मोतीबिंदूवरचा उपचार जुना आहे. सुश्रुतसंहितेत त्याची शस्त्रक्रिया आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमध्ये अम्मार बिन अली अल-मौसिली यांनी पोकळ सुईने मऊ मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत लिहून ठेवली. त्याच काळात तिथेच इब्न अल-हैसम यांनी प्रकाश डोळ्यात कसा शिरतो ते मांडले. आपल्या जलशांत हे अभिमानाने सांगतात. नजरेचे ठिकाण पडदा नसून भिंग आहे, असे इब्न अल-हैसम मानत, हे मात्र कुणी सांगत नाही. प्रतिमा पडद्यावर उमटते हे 1604 साली केपलरने दाखवले. 1949 साली लंडनच्या हॅरॉल्ड रिडलीने डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले आणि मोतीबिंदूचा प्रश्न जवळपास सुटला.

पडद्याचा सुटला नाही. भिंग काचेसारखे असते, काढून दुसरे बसवता येते. पडदा मेंदूचाच पुढे आलेला भाग. त्यात प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींच्या आसपास पेशी असतात आणि दहा लाखांहून अधिक तंतू त्यांचा निरोप मेंदूकडे नेतात. अमेरिकेत 2013 साली मान्यता मिळालेल्या 'आर्गस टू' या यंत्रात विद्युतअग्रे होती 60. चष्म्यातला कॅमेरा दृश्य टिपे, कमरेचे यंत्र त्याचे संकेत करी आणि रुग्णाला प्रकाशाचे ठिपके दिसत. दाराची चौकट कळे, चेहरा नाही. किंमत दीड लाख डॉलरच्या घरात. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवले. 2019 मध्ये कंपनीने ते बनवणे थांबवले, पुढच्या वर्षी बहुतेक कर्मचारी काढले. ज्यांचे यंत्र बिघडले त्यांना दुरुस्त करून देणारे कुणी उरले नाही, आणि निकामी तुकडा डोळ्यातच राहिला.

'प्रिमा' ही नवी चकती बरी निघाली. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत वर्षभर तपासलेल्या 32 पैकी 26 जणांची नजर सुधारली. पण ते म्हातारपणी पडद्याचा मधला भाग झिजलेले रुग्ण होते. मामूंचा आजार वेगळा, जन्मतः रक्तातून आलेला.

मामूंचे आईवडील चुलत भावंडे होते. या आजाराच्या काही प्रकारांत आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, आणि नात्यातल्या लग्नात तसे घडण्याची शक्यता वाढते. आपल्यात चुलत-मावस, शेजारच्या हिंदू घरांत मामाची मुलगी. मराठवाड्यात दोन्हीकडे हे चालते. शरीयतने अशा लग्नाला परवानगी दिली आहे, ते फर्ज केलेले नाही.

गेल्या वर्षी मामूंच्या नातीला घरातलेच स्थळ आले. बैठकीत सगळे मेहेरवर बोलत होते. मामूंनी काठी जमिनीवर टेकवली आणि विचारले, "डॉक्टरला विचारलं का?"