तेल बदलले आणि कावीळ उतरली

तेलातुपाकडे आपण केवळ ऊर्जेचा साठा म्हणून पाहतो. १९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने पांढऱ्या उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेला आहार दिला. उंदरांच्या शेपटीवर खवले आले, वाढ खुंटली आणि ते लवकर मेले. थोडे लिनोलेइक आम्ल दिले की ते सुधारत. काही मेदाम्ले शरीर बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात, हे तेव्हा कळले.

पण ज्या बाळाचे आतडेच अपुरे आहे त्याला ती द्यायची कशी? १९६०च्या सुमारास स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल अंड्याच्या बलकातील लेसिथिनच्या मदतीने पाण्यात विखरून दुधासारखे पायस बनवले. ते थेट शिरेतून देता येई. अशी बाळे जगू लागली. मात्र त्यांतल्या कित्येकांच्या यकृतात पित्त तुंबे, कावीळ होई, दाह वाढत जाऊन यकृत निकामी होई. जगवणारा आहारच यकृताच्या मुळावर येत होता!

बोस्टनच्या बालरुग्णालयात कॅथलीन गुरा आणि मार्क प्युडर यांनी सोयाबीनची अॅलर्जी असलेल्या एका रुग्णाला युरोपात वापरात असलेले माशांच्या तेलाचे पायस दिले होते. तेच पुढे यकृत बिघडलेल्या दोन बाळांना दिले. दोघांचेही तुंबलेले पित्त मोकळे झाले, असा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला.

याचे एक स्पष्टीकरण असे. सोयाबीनमधील लिनोलेइक आम्लापासून शरीरात अॅराकिडॉनिक आम्ल आणि त्यापासून दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिने बनतात. माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्ले त्याच विकरांवर हक्क सांगतात. त्यांच्यापासून बनणारी रसायने बहुधा सौम्य असतात.

हे पटण्याजोगे आहे, पण आमच्या मते येथे वर्गात थोडे थांबावे. तेल बदलताना आणखी काय काय बदलले? सोयाबीनचे तेल दर किलो वजनामागे रोज ३ ग्रॅमपर्यंत दिले जाई, माशांचे १ ग्रॅम. शिवाय सोयाबीनमध्ये वनस्पतिज स्टेरॉले असतात, माशांच्या तेलात ती जवळजवळ नसतात. २०१३ साली उंदरांवरील एका प्रयोगात माशांच्या तेलात मुद्दाम स्टिग्मास्टेरॉल मिसळले, तर यकृताला पुन्हा इजा झाली. तेव्हा सारे श्रेय ओमेगा-३ला देणे घाईचे ठरेल.

२०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे पायस हा विकार झालेल्या मुलांसाठी ऊर्जा आणि मेदाम्लांचा स्रोत म्हणून मंजूर केले. विकार होऊच नये म्हणून देण्यास मात्र मंजुरी दिली नाही.