साम्राज्याची संग्रहालयसूची

1928 साली सर हेन्री मायर्स यांनी ब्रिटनमधल्या संग्रहालयांचा अहवाल लिहिला. गृहस्थ मूळचे खनिजशास्त्रज्ञ. नमुने जमवून वर्गवारी लावायची सवय इथेही कामी आली असावी. पुढे एस. एफ. मार्कहॅम यांच्या जोडीने त्यांनी हाच खटाटोप साम्राज्यभर नेला. पैसा मात्र न्यूयॉर्कच्या कार्नेगी कॉर्पोरेशनचा!

कॅनडा, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड अशा सूची 1932 ते 1934 दरम्यान निघाल्या. माल्टा, सायप्रस आणि जिब्राल्टर चक्क आफ्रिकेच्या खंडात बसवले होते. भूगोलाच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला असता.

भारताचा खंड 1936चा. या वेळी मार्कहॅम यांच्यासोबत पुरातत्त्व खात्याचे माजी महासंचालक एच. हरग्रीव्ह्ज होते. एवढ्या लोकसंख्येला संग्रहालयं फारच तोकडी, हा त्यांचा शेरा खोटा नव्हता.

अशा सूचीची खरी अडचण पुढेच सुरू होते. भायखळ्याचं 1872 पासूनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आता डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तर प्रिन्स ऑफ वेल्स झालं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. जुनी सूची हाती घेऊन शोधणाऱ्याने करायचं काय?

यावर 2003 साली आयएसओ 15511 हे मानक आलं: ग्रंथालय, अभिलेखागार किंवा संग्रहालयाला जास्तीत जास्त सोळा चिन्हांचा संकेतांक, बहुधा सुरुवातीला देशाची दोन अक्षरं. त्याची आंतरराष्ट्रीय नोंदणी डेन्मार्कमधून चालते.