केल्टिक क्रॉस
टॅरो पत्त्यांवरून भविष्यकथन करण्याची दहा पत्त्यांची मांडणी (पहा : टॅरो).

उगम : टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये त्यांचा भविष्यकथनासाठी प्रसार झाला (पहा : एतेला). प्रस्तुत मांडणी आर्थर एडवर्ड वेट यांच्या ‘द पिक्टोरियल की टू द टॅरो’ (१९११) या ग्रंथामुळे रूढ झाली.

स्वरूप : प्रथम पृच्छकाचा निदर्शक पत्ता मध्यभागी ठेवतात. उरलेले ७७ पत्ते पिसून तीनदा काटतात. पहिला पत्ता निदर्शकावर (सद्यःस्थिती) व दुसरा त्यावर आडवा (अडथळा) येतो. पुढील चार पत्ते वर, खाली, मागे व पुढे ठेवतात. ते अनुक्रमे ध्येय, मूळ आधार, सरता प्रभाव आणि येता प्रभाव दर्शवितात. उजवीकडील उभ्या ओळीत खालून वर पृच्छक स्वतः, परिसर, आशा व भीती आणि फलित असे चार पत्ते असतात. उलटा पडलेला पत्ता वेगळ्या अर्थाने वाचतात.

महत्त्व : टॅरोच्या इंग्रजी मार्गदर्शिकांत ही प्रमुख मांडणी ठरली. तिच्या भाकितक्षमतेला वैज्ञानिक पुरावा नाही (पहा : भविष्यकथन, रमल).