भूवैज्ञानिक क्षेत्रनकाशनाची मुक्त साधने

उघड्या पडलेल्या खडकांची निरीक्षणे जागेवरच अंकीय नकाशात नोंदवणारी, मुक्त परवान्याची सॉफ्टवेअरे. यांतले एक मुख्य साधन म्हणजे क्यूजीआयएस ही भौगोलिक माहिती प्रणाली. गॅरी शर्मन यांनी 2002 मध्ये तिची सुरुवात केली. स्वित्झर्लंडमधील ओपनजीआयएस या कंपनीने तिच्यावर आधारित क्यूफील्ड हे मोबाइल ॲप तयार केले. इटलीतील हायड्रोलॉजीस या गटाचे जिओपापाराझी आणि त्याचा उत्तराधिकारी स्मॅश हीही अशीच मुक्त साधने, पण ती क्यूजीआयएसवर आधारलेली नाहीत.

खरे काम कार्यालयातच सुरू होते. शैलसमूह, विभंग, नती (खडकाच्या थराचा उतार) आणि नतिलंब (नतीला काटकोनातली दिशा) यांचे नकाशातले थर, त्यांची चिन्हे व नोंदीचे तक्ते संगणकावर बांधून प्रकल्प फोनवर उतरवतात. उपग्रहचित्रे आधीच साठवल्यास रेंज नसलेल्या डोंगरातही काम अडत नाही. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीमुळे प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश आपोआप मिळतात. छायाचित्रेही त्या नोंदीलाच जोडता येतात. माहिती बहुधा जिओपॅकेज या स्वरूपाच्या एकाच फाइलीत राहते. हे खुले मानक असल्याने पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी नोंदी वाचता येतात. परवाना फुकट मिळण्यापेक्षा हा फायदा मोठा मानायला हवा.

दिशा मोजताना फोनमधील चुंबकीय संवेदकावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. मॅग्नेटाइटयुक्त खडक, उदाहरणार्थ दख्खनचा बेसाल्ट, दिशा चुकवू शकतो. तसे साधे होकायंत्रही तिथे फसते. भर उन्हात पडदा दिसेनासा होतो, बॅटरी संपते; म्हणून कागदी वही अद्याप पिशवीत असते.