आघातोत्तर तणाव विकृती : संशोधनाचा इतिहास

युद्ध, अपघात, बलात्कार, भूकंप यांसारख्या जीवघेण्या प्रसंगांतून वाचलेल्या व्यक्तीस त्या प्रसंगाच्या स्मृती स्वप्नांत व जागेपणी ग्रासतात. त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी ती टाळते आणि सतत दचकत राहते. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकल्यास त्या अवस्थेस आघातोत्तर तणाव विकृती म्हणतात. संज्ञा १९८० ची असली, तरी दोष शरीराचा, मनाचा की रुग्णाच्या नीतिधैर्याचा, हा तिच्यामागील वाद जुना आहे.

प्रारंभी तो दोष शरीरात शोधला गेला. इंग्रज शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन याने रेल्वे-अपघातांतील रुग्णांच्या तक्रारींचा संबंध पाठीच्या कण्यास बसलेल्या हादऱ्याशी जोडला (१८६६). भरपाईच्या दाव्यांमुळे हा प्रश्न न्यायालयांतही गाजला. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची छातीतील धडधड जेकब दा कॉस्टा याने हृदयविकार म्हणून वर्णिली (१८७१).

पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्झ याने ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय वाङ्‌मयात आणली (१९१५). तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूस इजा होते, अशी तीमागील कल्पना होती. पण स्फोटाजवळ नसलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे आढळू लागली व ती कल्पना डळमळली. विल्यम रिव्हर्झ याने स्कॉटलंडमधील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अशा अधिकाऱ्यांवर संभाषणाद्वारे उपचार केले. त्याच काळात पलायन, भ्याडपणा इ. आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील काही मनोरुग्ण असावेत. त्यांना क्षमा मिळाली ती २००६ मध्ये.

युद्ध संपले की या विषयातील आस्थाही ओसरे. एब्रॅम कार्डिनर याचा युद्धजन्य मज्जाविकृतींवरील मौलिक ग्रंथ पुढील महायुद्ध सुरू झाल्यावरच, १९४१ मध्ये, निघाला. अमेरिकन मनोविकृतिवैज्ञानिक संघटनेच्या १९५२ च्या निदानपुस्तिकेत तीव्र तणाव-प्रतिक्रियेची नोंद होती. व्हिएटनाम युद्ध ऐन भरात असताना निघालेल्या १९६८ च्या आवृत्तीतून ती वगळण्यात आली, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. पुढे माजी सैनिकांचे चर्चागट, त्यांना साहाय्य करणारे रॉबर्ट लिफ्टन व हाइम शाटान, तसेच बलात्कारपीडित स्त्रियांविषयीचे अ‍ॅन बर्जेस व लिंडा होल्मस्ट्रम यांचे संशोधन (१९७४) यांच्या रेट्याने १९८० च्या आवृत्तीत ही विकृती स्वतंत्रपणे नोंदली गेली. विकृतीचे मूळ रुग्णाच्या स्वभावात नसून बाह्य घटनेत आहे, असे त्यामुळे प्रथमच अधिकृतपणे मान्य झाले.

पुढील संशोधनाने या भूमिकेस मुरड घातली. अमेरिकेतील १९९५ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक प्रौढांनी आघात अनुभवला होता. पण विकृती जडली ती सु. ७.८ टक्क्यांना. साहजिकच ती काहींनाच का जडते, हा प्रश्न पुढे आला. जुळ्या भावांच्या २००२ मधील अभ्यासात, युद्धावर न गेलेल्या भावाच्या मेंदूतील अश्वमीन (हिपोकँपस) हा भागही विकृतिग्रस्त भावाप्रमाणेच लहान आढळला. अर्थात तो आघाताचा परिणाम नसून पूर्वप्रवणता असावी. आकडेही वादग्रस्त ठरले : १९९० च्या अहवालानुसार व्हिएटनामहून परतलेल्या सु. ३१ टक्के पुरुषांना ही विकृती कधी ना कधी झाली होती. २००६ मध्ये लष्करी दप्तराशी पडताळून केलेल्या फेरतपासणीत हे प्रमाण १८.७ टक्के निघाले.

भारतात भोपाळ वायुदुर्घटना (१९८४) व किल्लारी भूकंप (१९९३) यांतून वाचलेल्यांचे मानसचिकित्सकांनी अभ्यास केले. दीर्घकाळ चाललेल्या छळाचे परिणाम वेगळे असतात, हे ज्यूडिथ हर्मन हिचे मत (१९९२) जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या वर्गीकरणात ‘जटिल’ प्रकार म्हणून समाविष्ट झाले आहे.