हरलेल्याने घर सोडू नये म्हणून
डेबियनच्या मतपत्रिकेचा इतिहास

लोकशाहीचा इतिहास आपण सहसा राज्यांच्या आधारे वाचतो. राज्याला हद्द असते, पोलीस असतात, कर वसूल करण्याची ताकद असते. निवडणुकीत हरलेला माणूस दुसऱ्या दिवशीही त्याच गावात, त्याच कायद्याखाली राहतो. त्याला जायला सहसा दुसरी जागा नसते. पण जिथे हद्द नाही, पगार नाही, सक्ती नाही आणि रुसून निघालेल्याला घरातली सगळी चीजवस्तू बरोबर नेण्याची मुभा आहे, अशा ठिकाणी मतदान करायचे तरी कशासाठी?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ‘डेबियन’ नावाचा एक समूह गेली तीन दशके त्याचे उत्तर शोधत आला आहे. डेबियन ही संगणकाची कार्यप्रणाली. लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्रॅम नीट बांधून, तपासून ती तयार होते. अनेकांच्या परिचयाची उबुंटू ही प्रणालीही तिच्याच पायावर उभी आहे. ती घडवणारे सुमारे हजार सदस्य जगभर विखुरलेले आहेत आणि समूह त्यांना या कामाचा पगार देत नाही. या सॉफ्टवेअरचे परवाने असे, की कोणीही प्रत घ्यावी, बदल करावा, वाटावी. म्हणजे एखाद्या सदस्याला निर्णय पटला नाही, तर तो अख्खी डेबियन उचलून शेजारी वेगळी चूल मांडू शकतो. तरीही या समूहाला लिखित घटना आहे, दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते आणि मतमोजणीच्या नियमांवर महिनोन्‌महिने वाद झाले आहेत.

संस्थापकाकडून घटनेकडे

१६ ऑगस्ट १९९३ रोजी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या तरुणाने डेबियनची घोषणा केली. नाव घरगुतीच होते : मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांची सांगड. मुक्त सॉफ्टवेअरच्या बहुतेक प्रकल्पांत संस्थापकाचा शब्द हाच कायदा असतो, आणि सुरुवातीला येथेही तसेच होते. १९९६ मध्ये मर्डॉक यांनी सूत्रे ब्रूस पेरेन्स यांच्या हाती दिली. पेरेन्स यांच्या काळात, जुलै १९९७ मध्ये, डेबियनने ‘सामाजिक करार’ स्वीकारला. आपण वापरणाऱ्यांचे काय देणे लागतो, हे त्यात लिहून ठेवले होते. सत्ता कोणाची, हे मात्र त्यात नव्हते.

ते काम पुढचे प्रमुख इयन जॅक्सन यांच्या कारकिर्दीत झाले. २ डिसेंबर १९९८ रोजी डेबियनची घटना मंजूर झाली. प्रमुखाची मुदत एक वर्ष. तांत्रिक तंटे सोडवायला एक समिती. निवडणुका घेण्यासाठी आणि घटनेचा अर्थ लावण्यासाठी एक सचिव. या सर्वांच्या वर सदस्यांचा सर्वसाधारण ठराव. पण घटनेतले सर्वांत महत्त्वाचे कलम वेगळेच आहे : या घटनेमुळे कोणावरही कोणतेही काम करण्याचे बंधन येत नाही. बहुमताने कितीही ठराव करा, एकाही सदस्याला एक ओळ लिहायला तुम्ही भाग पाडू शकत नाही. येथे मत म्हणजे आज्ञा नव्हे, हे पहिल्याच पानांवर मान्य केले गेले. मग ते काय आहे, हे पुढच्या भांडणांतून उलगडत गेले.

यादीत नाव कोणाचे?

कोणत्याही निवडणुकीचे पहिले भांडण मतदारयादीचे असते. सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. डेबियनची मतदारयादी म्हणजे किल्ल्यांचा एक जुडगा. प्रत्येक सदस्याकडे गणिती कूटलेखनाची एक किल्ली असते. तिने सही केलेला ईमेल म्हणजे त्याचे मत. किल्ली जुडग्यात असेल तर माणूस मतदार.

ही किल्ली जुडग्यात जाणार कशी? १९९९ च्या शरद ऋतूत डेबियनने नव्या सदस्यांना दार बंद केले. अर्ज वाढत होते, आणि येणारा माणूस कोण, त्याला काय येते, हे पाहण्याची धड पद्धत नव्हती. २००० च्या वसंतात दार पुन्हा उघडले ते परीक्षेसह. आधीच्या सदस्याने उमेदवाराला समोरासमोर भेटायचे, ओळखपत्र पाहायचे आणि त्याच्या किल्लीवर सही करायची; मग तत्त्वे, कार्यपद्धती आणि कौशल्य यांची तपासणी. व्यवस्था चोख होती, पण तिची किंमत सगळ्यांना सारखी नव्हती. जर्मनीतल्या मोठ्या शहरात सदस्य शेजारच्या गल्लीत भेटे. जिथे शेकडो किलोमीटरमध्ये एकही सदस्य नाही, तिथल्या होतकरूला एका सहीसाठी प्रवास करावा लागे. मताच्या हक्काला असे न लिहिलेले भूगोलाचे कलमही असते.

यापुढचा पेच अधिक खोल होता. सदस्यत्व प्रामुख्याने पॅकेज बांधणाऱ्यांचे, म्हणजे प्रोग्रॅम वापरण्याजोगा करून भांडारात चढवणाऱ्यांचे होते. भाषांतर करणारे, माहितीपत्रके लिहिणारे, संमेलने भरवणारे यांचे काय? डेबियन संगणकावर बसवताना जी भाषांची यादी समोर येते तीत मराठीही आहे. तो मराठी मजकूर कोणीतरी बसून, शब्द तोलून लिहिला आहे. हे काम डेबियनचे, मग ते करणारा डेबियनचा की नाही?

उत्तर दोन टप्प्यांत आले. २००७ मध्ये ‘मेंटेनर’ ही पायरी मान्य झाली : ठरावीक पॅकेजे स्वतः चढवण्याचा अधिकार, पण मत नाही. २०१० मध्ये उलट बाजू पूर्ण झाली. पॅकेज न बांधता अन्य मार्गाने भर घालणाऱ्यांना पूर्ण सदस्य करून घ्यावे, असा ठराव सदस्यांनी मोठ्या बहुमताने मंजूर केला. त्यांना मत मिळाले, भांडारात चढवण्याचा अधिकार नाही. तोपर्यंत एकत्र बांधलेले दोन हक्क असे सुटे झाले. भांडाराची किल्ली कौशल्यावर मिळते. मताची किल्ली आपलेपणावर. आधी मत मिळवलेल्यांनीच, स्वतःच्या मताचे वजन कमी करून, हे दार उघडले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

मोजायचे कसे?

समजा शंभर मतदार आहेत. चाळीस जणांना ‘क’ हवा आहे. उरलेले साठ एका विचाराचे. पण त्यांतले पस्तीस ‘अ’ला आणि पंचवीस ‘ब’ला पहिली पसंती देतात. आपल्या नेहमीच्या पद्धतीत ‘क’ निवडून येतो, जरी साठ जणांना तो नको असला तरी. मते फोडायला उभा केलेला उमेदवार म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

अठराव्या शतकातला फ्रेंच गणिती मार्की द कोंदोर्से याने १७८५ मध्ये यावर विचार मांडला : प्रत्येक उमेदवाराची दुसऱ्या प्रत्येकाशी स्वतंत्र कुस्ती लावा, सर्वांना हरवेल तो विजयी. वरच्या उदाहरणात ‘अ’ हा ‘क’ला साठ विरुद्ध चाळीस असे हरवतो. पण कोंदोर्सेलाच यातली मेख दिसली होती. कधी कधी ‘अ’ ‘ब’ला हरवतो, ‘ब’ ‘क’ला आणि ‘क’ पुन्हा ‘अ’ला. व्यक्तींची मते सुसंगत असूनही समूहाचे मत गोल फिरते.

डेबियनमध्ये मतदार पर्यायांना पसंतीक्रम देतो. मूळ घटनेत अशा चक्रासाठी केलेली तरतूद सदोष ठरली. मोठ्या चर्चेनंतर २००३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन मार्कुस शुल्झे या जर्मन अभ्यासकाची पद्धत आली. तिचे सार असे : चक्र पडले तर त्यातला सर्वांत कमजोर विजय बाजूला काढा, आणि चक्र सुटेपर्यंत काढत राहा. एकसारखे दोन उमेदवार उभे राहिले तरी त्यांची मते फुटत नाहीत.

याच्या जोडीला प्रत्येक मतपत्रिकेवर एक जास्तीचा पर्याय असतो. प्रमुखाच्या निवडणुकीत तो ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असा असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये ‘नोटा’ आले, पण विधानसभा-लोकसभेत त्याला सर्वाधिक मते पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतोच. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरते त्याला फेरनिवडणुकीचे बळ दिले. डेबियनमध्ये ते बळ घटनेतच आहे. जो उमेदवार ‘कोणीही नाही’ला हरवू शकत नाही तो मोजणीतून बाद, आणि ‘कोणीही नाही’ जिंकले तर निवडणूक पुन्हा.

गणसंख्येचा नियमही असाच विचारपूर्वक केलेला आहे. सदस्यसंख्येच्या वर्गमुळाची दीडपट एवढ्या मतदारांनी एखादा पर्याय त्या जास्तीच्या पर्यायाच्या वर ठेवला पाहिजे. हजार सदस्य असतील तर हा आकडा अठ्ठेचाळीस येतो. गणसंख्या सभेची नव्हे, पर्यायाची मोजली जाते. त्यामुळे विरोधकांनी घरी बसून सभा तहकूब पाडण्याची युक्ती येथे चालत नाही.

शब्दांची किंमत

नियम कितीही नेटके असले तरी ते वापरतात माणसेच. २००४ मध्ये सामाजिक कराराच्या मजकुरात ‘संपादकीय’ सुधारणा करणारा ठराव मंजूर झाला. शब्द सुबक करण्याचे काम समजून पुष्कळांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. नंतर ध्यानात आले, की नव्या शब्दांनुसार मुक्त नसलेली कागदपत्रे आणि फर्मवेअरही बाहेर काढावे लागेल आणि तोंडावर आलेली नवी आवृत्ती लांबेल. त्याच वर्षी दुसरा ठराव करून नव्या शब्दांची अंमलबजावणी त्या आवृत्तीनंतर ढकलावी लागली.

२००८ च्या डिसेंबरात याच फर्मवेअरवर पुन्हा मतदान आले. कोणत्या पर्यायाला साधे बहुमत पुरे आणि कोणाला तीनास एक, हे ठरवणे सचिवाच्या हाती होते. त्या निर्णयावर आणि मतपत्रिकेच्या रचनेवर इतका वाद पेटला, की अनेक वर्षे हे काम सांभाळणारे सचिव मनोज श्रीवास्तव यांनी राजीनामा दिला. मतपत्रिका लिहिणारा हात हाही सत्तेचाच हात असतो, हे त्या महिन्यात सगळ्यांना कळले.

फुटीचा क्षण

खरी कसोटी २०१४ ची. संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम कोणता असावा, यावर समूह दुभंगला. बाजूचे आणि विरोधाचे दोघेही तो डेबियनच्या आत्म्याचा प्रश्न मानत होते. फेब्रुवारीत आठ जणांच्या तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार मते पडली. अध्यक्ष ब्डेल गार्बी यांच्या निर्णायक मताने ‘सिस्टमडी’ची निवड झाली. पुढे इतर प्रोग्रॅमांना सिस्टमडीवर अवलंबून राहता येऊ नये, असा सर्वसाधारण ठराव इयन जॅक्सन यांनी आणला. नोव्हेंबरात मते मोजली, तेव्हा जिंकलेला पर्याय होता : ‘सर्वसाधारण ठरावाची गरज नाही’. सदस्यांनी मत देऊन सांगितले, की हा प्रश्न मताने सोडवू नका.

जॅक्सन हरले. ज्यांच्या कारकिर्दीत घटना झाली त्याच माणसाने तांत्रिक समिती सोडली. पण डेबियन सोडली नाही. त्यांचे काम चालू राहिले. काही जण मात्र गेले. त्याच महिन्यात ‘डेव्हुआन’ नावाची वेगळी प्रणाली जाहीर झाली आणि २०१७ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली. कोणी कोणाला अडवले नाही. परवान्यानुसार अडवताही आले नसते. २०१९ च्या अखेरीस याच विषयावर पुन्हा मतदान झाले. या वेळी सिस्टमडीला प्राधान्य देणारा, पण इतर पर्याय धुंडाळणाऱ्यांनाही पाठिंबा देणारा ठराव जिंकला. पाच वर्षांपूर्वी हरलेल्यांसाठी ओटीवर जागा ठेवली गेली.

गुप्त की उघड?

प्रमुखाच्या निवडणुकीत डेबियनचे मतदान पहिल्यापासून गुप्त होते. सर्वसाधारण ठरावात मात्र कोणी कसे मत दिले ते निकालानंतर जाहीर होई. २०२१ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावरील पुनरागमनाबद्दल भूमिका घ्यावी का, यावर मतदान झाले आणि ‘कोणतेही निवेदन काढू नये’ हा पर्याय जिंकला. पण मत नावासकट जगासमोर येणार, त्यावरून आपल्याला त्रास दिला जाईल, ही धास्ती अनेकांनी बोलून दाखवली. २०२२ च्या मार्चमध्ये सदस्यांनी ठरावांचे मतदानही गुप्त केले. अट एवढीच, की आपले मत मोजले गेले याची खात्री प्रत्येकाला करता यावी. उघडपणा हे ज्या समूहाचे ब्रीद, त्याने आपल्या माणसांसाठी एक पडदा ओढून घेतला.

या सगळ्याचा जोड लावला तर काय दिसते? डेबियनच्या मतदानाने कोणाला कामाला जुंपलेले नाही, कोणाला कोंडून ठेवलेले नाही. त्याने एकच काम केले. निर्णय विरुद्ध गेला तरी तो रीतीने झाला, यादीत माझे नाव होते, माझे मत मोजले गेले आणि उद्या पुन्हा विचारता येईल, एवढा भरवसा त्याने हरणाऱ्याला दिला. जिथे दार कायम उघडे असते तिथे निवडणुकीची परीक्षा जिंकणाऱ्यावरून होत नाही. हरल्यानंतर किती जण दुसऱ्या दिवशी कामावर परत येतात, यावरून होते.

धोका संपलेला नाही. २०१९ च्या वसंतात प्रमुखपदासाठी अर्ज भरण्याची मुदत संपली, तेव्हा एकाही सदस्याने अर्ज भरलेला नव्हता. घटनेत याचीही तरतूद होती : मुदत एक आठवडा वाढवायची, आणि लागल्यास पुन्हा वाढवायची. त्या जास्तीच्या आठवड्यात काही उमेदवार पुढे आले, रीतसर मतदान झाले आणि सॅम हार्टमन निवडून आले. यादी, मोजणी आणि गुप्तता यांचे नियम लिहून ठेवता येतात. अर्ज भरायला मात्र कोणीतरी आपणहून पुढे यावे लागते.