पर्सेंटाइलच्या आधीचा इतिहास

सीईटीचा निकाल लागला की नांदेड-लातूरच्या वस्त्यांमधून आम्हाला एकच प्रश्न येतो: "दादा, एवढ्या पर्सेंटाइलवर सरकारी इंजिनिअरिंगला नंबर लागेल का?" मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून उत्तर देता येते. पण ते अर्धेच उत्तर असते. ती जागा कुठून आली, हे ठाऊक नसलेला मुलगा जागा मिळाली तर तिला उपकार समजतो आणि हुकली तर नशीब समजतो. दोन्ही समजुती खोट्या आहेत.

ऑक्टोबर 1942 मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की अस्पृश्य समाजाला खरी गरज विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची आहे. आपली मुले कला आणि कायद्याकडे वळतात, कारण हे शिक्षण त्यांना परवडत नाही. म्हणून सरकारने शिष्यवृत्ती द्यावी. 1944 पासून ती सुरू झाली. आज जिला आपण भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो, तिचे मूळ तिथे आहे.

1951 मध्ये मद्रासच्या जातवार प्रवेशाच्या आदेशाविरुद्ध दोन अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. एक वैद्यकीयचा, दुसरा इंजिनिअरिंगचा. आदेश रद्द झाला. बाबासाहेब कायदामंत्री असताना त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम 15(4) आले. प्रवेशातल्या राखीव जागांचा पाया तो.

मराठवाड्याची वाट तर आणखी लांबची. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. विद्यापीठ होते ते हैदराबादला. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढचे मिलिंद. औरंगाबादला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1960 मध्ये आले. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे कॉलेज उभे राहायला 1981 उजाडले. राज्यघटनेचे कलम 371(2) मराठवाड्याला तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची तरतूद करते, तरीही!

त्याआधी तीनच वर्षे, 1978 मध्ये, याच जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना नामांतराच्या मागणीसाठी मारले गेले. 1993 मध्ये नांदेडमध्येच गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. नामांतर हा पाटीचा प्रश्न नव्हता. विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न होता.

मग दाराला दुसरे कुलूप लागले. 1983 पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांचे पेव फुटले. जागा वाढल्या, पण फी आड आली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इनामदार खटल्यात सांगितले की अशा संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर पुन्हा घटनादुरुस्ती करून 15(5) आणावे लागले. तरी टोमणा मात्र आपल्यालाच: "कमी मार्कांवर घुसतात." जास्त पैसे मोजून व्यवस्थापन कोट्यातून शिरणाऱ्याची गुणवत्ता कोणी विचारते का?

आता तिसरे कुलूप, कागदाचे. जातीचा पुरावा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा लागतो. आपल्याकडे आजोबांच्या नोंदी अनेकदा उर्दूत, आणि आजोबा शाळेतच गेले नसतील तर नोंदच नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलीचे नाव यादीत लागले होते. वैधता प्रमाणपत्र वेळेत आले नाही आणि जागा गेली. तिचा अभ्यास कमी पडला नव्हता. कमी पडलो ते आम्ही. तिला अकरावीतच सांगायला हवे होते.

म्हणून सांगतो. वैधतेचा अर्ज अकरावीतच करा. उर्दू कागद आत्ताच वाचून घ्या, भाषांतर करून ठेवा. राखीव प्रवर्गातून अर्ज केला म्हणून खुली जागा बंद होत नाही. गुण पुरेसे असतील तर ती जागाही तुमचीच. फीच्या धास्तीने पसंतीक्रमातून चांगले कॉलेज गाळू नका. शिष्यवृत्ती, फ्रीशिप आणि वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे, ती नीट समजून घ्या.

आणि कार्यकर्त्यांनो, जयंतीला डीजे लावण्याआधी वस्तीतल्या अकरावीच्या मुलांची यादी करा. नंबर लागेल का, याचे अर्धे उत्तर त्या मुलाच्या हातात आहे. उरलेले अर्धे आपल्या हातात आहे.

जय भीम!